हरिबांचा डबल स्टँड

हरिबा कोळपे स्वतःच्याच बुलेटखाली सापडले, तेव्हा शिरूरचा बाजार ऐन भरात होता. निमोण्याहून आल्यावर त्यांनी गाडी नेहमीच्या लिंबाखाली थांबवली. खाली उतरून एक हात हँडलला घातला, दुसरा मागच्या कॅरियरला, आणि डबल स्टँडवर घेण्यासाठी गाडी मागं ओढली. तीस वर्षं ते हे काम बोलता बोलता करत आले होते. त्या दिवशीही ते कांद्याच्या भावाबद्दल काहीतरी बोलतच होते. पण गाडी अर्ध्यावर आली, थबकली, क्षणभर तिनं विचार केल्यासारखं केलं आणि ती हरिबांच्या बाजूला कलली. पुढच्या क्षणी हरिबा मेथीच्या ढिगात उताणे पडले होते आणि बुलेट त्यांच्या मांडीवर, मांजर बसावं तशी निवांत बसली होती.

मेथी साखरबाईची होती. ती जुड्या बांधता बांधता म्हणाली, "आबा, झोपायला दुसरी जागा न्हाई का गावली?"

"आगं, गाडी उचला आधी!"

"मी उचलू? तुमास्नी उचलंना ती!"

शेवटी चार जणांनी मिळून बुलेट उचलली आणि पाचव्यानं हरिबांना. मोडलं काहीच नाही. गुडघा सुजला आणि लेंग्याला मेथीचा हिरवा डाग पडला, एवढंच. पण बाजारात पडलेल्या माणसाची बातमी त्या माणसाच्या आधी घरी पोचते. ही बातमी तर निमोण्याच्याही पुढं गेली. हरिबांचा मुलगा बिरदेव कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात कामाला होता. कुणीतरी गेटवर फोन केला, "बिरदेवला सांगा, त्याच्या वडिलांच्या अंगावर बुलेट पडली." गेटवरच्या वॉचमननं ते ऑफिसात कळवलं, ऑफिसातल्या माणसानं वर्कशॉपमध्ये, आणि मशीनच्या आवाजात बिरदेवच्या कानावर पडलं ते असं, "तुझ्या वडिलांना बुलेट लागली!"

बिरदेव अंगावरच्या निळ्या युनिफॉर्मवर तसाच निघाला. एक ट्रक, एक जीप आणि शेवटचे दोन मैल पळत, असा तो घरी पोचला, तेव्हा त्याचे वडील गुडघ्याला हळदीचा लेप लावून ओसरीवर बसले होते आणि भाकरी चुरत होते.

"कुणी मारली?" बिरदेवनं धापा टाकत विचारलं.

"काय?"

"गोळी!"

हरिबांनी भाकरीचा हात थांबवला. "कसली गोळी? मघाशी एक गुडघ्याची घेतली, तेवढीच."

सगळा उलगडा झाला तेव्हा बिरदेव उंबऱ्यातच खाली बसला. आधी तो हसला. मग त्याचे डोळे भरून आले. आणि मग त्याला असा राग आला की विचारता सोय नाही. "आजपासून बुलेट बंद," तो म्हणाला. "इकून टाकायची. आमचे चिटणीस साहेब हायत ना, कारखान्याचे मॅनेजर, त्यांना जुन्या गाड्यांचा लई नाद हाय. आपली एकोणसत्तरची हाय, पहिल्यापास्नं एकाच मालकाची हाय म्हणलं, तर दोनदा इचारलंय त्यांनी. मी हो सांगतो."

"सांगशील, सांगशील," हरिबा म्हणाले, आणि भाकरी तशीच ठेवून उठले.

हरिबांच्या तरुणपणाची वीस वर्षं मेंढरांमागं चालण्यात गेली होती. पाऊस सरला की कोकणाकडं, उन्हाळा सरला की माघारी. पायांना घट्टे पडून पडून त्यांचे तळवे चामड्यासारखे झाले होते. मग थोडी जमीन झाली, विहिरीला पाणी लागलं, आणि एक दिवस हरिबा पुण्याला गेले ते बुलेटवर बसून परत आले. वीस वर्षं चाललेला माणूस पहिल्यांदा जो बसला तो तिच्यावर. लग्नाचं वऱ्हाड असो, दवाखाना असो की जेजुरी, सगुणाबाईही गेली तीस वर्षं त्याच गाडीवर मागं एका बाजूला पाय सोडून बसत आल्या होत्या. त्यामुळं नवऱ्याला बोलायची एकही संधी न सोडणाऱ्या सगुणाबाई त्या दिवशी गप्प होत्या.

पण बिरदेवचंही चुकत नव्हतं. वय एकसष्ट, गुडघा असा, आणि गाडी तशी. शिवाय चार वर्षं तो कारखान्यात टेंपररी होता. परमनंटच्या यादीत कुणाचं नाव घालायचं ते चिटणीस साहेब ठरवत. हे तो तोंडानं बोलला नाही, पण घरात ते सगळ्यांना ऐकू आलं.

संध्याकाळपर्यंत वाद चालला आणि शेवटी एक अट ठरली. दसऱ्याला सहा आठवडे होते. दसऱ्याच्या दिवशी साहेब गाडी बघायला येतील. त्या दिवशी सगळ्यांसमोर हरिबांनी एकट्यानं, कुणाचा हात न लागता, गाडी डबल स्टँडवर लावून दाखवायची. लागली तर बिरदेव पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही. नाही लागली तर साहेब गाडी घेऊन जातील.

"साइड स्टँडवर लावली तर?" सगुणाबाईंनी मधला मार्ग काढला.

"एका पायावर उभी ऱ्हायला ती काय बगळा हाय?" हरिबा गरजले. अट त्यांच्या बाजूनं सोपी होत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गुडघ्याची सूज उतरल्यावर हरिबांनी गोठ्यामागं जाऊन प्रयत्न करून पाहिला. गाडी वितभर वर आली आणि परत खाली बसली. तेव्हा त्यांनी शांतपणे विचार केला. आपली ताकद काही आता वाढत नाही. मग गाडीचं वजन कमी केलं तर? न्हावऱ्याच्या एका पाहुण्यानं दौंडच्या धम्मदीपचं नाव सांगितलं. रेल्वेत फिटर आहे, सुट्टीच्या दिवशी जुन्या मोटारसायकली खोलून पुन्हा नव्यानं बांधतो, आणि वजनाच्या बाबतीत तर वेडाच आहे.

रविवारी हरिबा आणि सगुणाबाई दौंडला गेले. रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात तीन-चार मोटारसायकली सुट्या होऊन पडल्या होत्या. कानामागं पेन्सिल लावलेला धम्मदीप सडपातळ होता, बोलणं झटपट होतं. त्यानं बुलेटभोवती एक फेरी मारली, टाकीवर हात ठेवला आणि डॉक्टरनं सांगावं तसं म्हणाला, "आबा, गाडीला काय झालेलं न्हाई. वजन झालंय."

"ते तर जन्मापास्नंच हाय."

"न्हाई, निम्मं नंतर चढलंय. हे बघा, इंजिन म्हंजी काळीज. त्याला आपण हात लावायचा न्हाई. पण बाकी सगळी नुसती कापडं हायत. भर उन्हाळ्यात कुणी घोंगडी घेऊन फिरतं का?"

हरिबांनी आपल्या खांद्यावरची घोंगडी गुपचूप दुसऱ्या खांद्यावर घेतली.

पहिलं काम म्हणजे वजन. कॉलनीच्या बाहेर एका भंगारवाल्याचा मोठा काटा होता. गाडी त्यावर चढवली. काटा एकशे शहात्तरवर थांबला. भंगारवाला आनंदानं पुढं आला, "पूरी देनी है क्या?"

हरिबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की पुढच्या वेळी गाडी वजनाला आली तेव्हा तो दुकानात दिसलाच नाही.

मग गाडीचा एकेक दागिना उतरू लागला. पुढचा लोखंडी गार्ड गेला. दोन्ही बाजूंचे पत्र्याचे टूलबॉक्स गेले. जाडजूड मडगार्ड जाऊन त्यांच्या जागी फायबरचे पातळ तुकडे आले. चेनवरचं झाकण गेलं. बॅटरी गेली आणि तिच्या जागी स्कूटरची छोटी बॅटरी बसली. कॅरियर गेला. दर रविवारी हरिबा दौंडला जात आणि दर रविवारी त्यांना गाडी ओळखायला थोडा जास्त वेळ लागे. तिसऱ्या रविवारी धम्मदीपनं मागचं सीट आणि साडीगार्ड काढायला घेतलं, तेव्हा सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या.

"आन् मी कुठं बसू?"

"मावशी, ते साडेचार किलो हाय."

"मी इचारलं काय, तू सांगतोस काय!"

"तू बसायचं का गाडी ठेवायची, असा सवाल हाय," हरिबा जड आवाजात म्हणाले.

सगुणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि पदर खोचला. "काढ रं बाबा. मी यस्टीनं जाईन." आणि त्या खरोखरच त्या दिवशी दौंडहून एसटीनं परतल्या. वाटेत चौफुल्याला त्यांनी खिडकीतून आपला नवरा पाहिला. उघड्या चेनमधलं तेल उडून त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर गुडघ्यापर्यंत नक्षी उठली होती, आणि ते एकटेच, सीटच्या एवढ्याशा तुकड्यावर, कुणीतरी शाळेच्या बाकावर उभं केल्यासारखे ताठ बसले होते.

काढण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा धम्मदीप भोकं पाडायला लागला. ब्रॅकेटला भोकं, पट्ट्यांना भोकं, पायदानाच्या दांड्याला भोकं. प्रत्येक भोकातून निघालेला लोखंडाचा चुरा तो घरातल्या तराजूत टाकून बघे. त्याची बायको दीक्षा बारीक चणीची आणि मोजकं बोलणारी होती. तिनं एकदाच विचारलं, "ह्या तराजूत मी काय मोजू आता, पीठ का किस?" पण तेव्हा धम्मदीप सातशे ग्रॅम सुटल्याच्या आनंदात होता.

पुन्हा काटा. एकशे अठ्ठेचाळीस! तब्बल अठ्ठावीस किलो गेले होते. धम्मदीपनं हरिबांच्या हातात हँडल दिलं आणि स्वतः स्टँडकडं बघत चाकापाशी उकिडवा बसला. "ओढा आबा."

हरिबांनी दात-ओठ खाऊन ओढलं. गाडी वर आली. आणखी वर आली. आणि चार बोटं उरली असताना परत खाली बसली.

धम्मदीपनं गाडीकडं पाहिलं. तिच्यावर आता काढण्यासारखी एक नंबरप्लेटच उरली होती. मग त्याची नजर हळूहळू वर सरकली आणि हरिबांच्या पोटावर येऊन थांबली.

"आबा, तुमचं वजन किती?"

"माजं कशाला?"

"पोट आडवं येतंय. तुमास्नी वाकताच येत न्हाई. गाडीनं तिचं काम केलं, आता तुमचं ऱ्हायलं."

हरिबा ब्याण्णव किलो भरले. त्याच दिवसापासून सगुणाबाईंनी त्यांचा खुराक हातात घेतला. त्यांच्या हातात एखादं काम आलं की ते अर्धवट राहत नसे. सकाळी दूध बंद. तीन भाकरींची एक झाली. मटणाचं नाव घ्यायची सोय राहिली नाही. ताटात मुळ्याचा पाला, ताक आणि उपदेश. हरिबा पहाटे उठून कालव्यापर्यंत चालत जात. वीस वर्षं चालून झाल्यावर जे चालणं सोडलं होतं, ते बुलेटपायी पुन्हा नशिबी आलं होतं. वाटेत माणसं विचारत, "आबा, गाडी कुठाय?" आणि हरिबा म्हणत, "तिच्यासाठीच चाललोय."

दोन आठवड्यांत हरिबा चौऱ्याऐंशीवर आले. सदरा अंगात फिरू लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी गोठ्यामागं गाडी नेली, देवाचं नाव घेतलं आणि ओढली.

गाडी वितभरसुद्धा वर आली नाही.

ते पुन्हा ओढायला गेले. डोळ्यांपुढं काजवे चमकले. गाडी अठ्ठावीस किलोंनी हलकी झाली होती, ते स्वतः आठ किलोंनी हलके झाले होते, आणि तरी ती पहिल्यापेक्षा जड लागत होती. हरिबा तिथंच कडब्यावर बसले. टाकीवरून हात फिरवत बराच वेळ बसून राहिले. सगुणाबाईंनी गोठ्याच्या आडून ते पाहिलं आणि परत घरात गेल्या. त्या दिवशी दुपारी ताटात दोन भाकरी आल्या, पण हरिबांना एकही गेली नाही.

दसऱ्याला सकाळी दहाच्या सुमारास चिटणीस साहेबांची पांढरी गाडी वस्तीवर आली. साहेब पुण्याचे, गोरेपान, साठीला टेकलेले, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले. बिरदेव त्यांच्या मागेपुढे करत होता. धम्मदीप दीक्षाला घेऊन सकाळीच आला होता. वस्तीवरचे तीस-चाळीस लोक अंगणात जमले होते. मधोमध, झेंडूचा हार घातलेली बुलेट गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती.

साहेब लांबूनच हसत येत होते. दहा पावलांवर त्यांचं हसू कमी झालं. पाच पावलांवर ते थांबलं. गाडीपाशी पोचल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि एका ब्रॅकेटच्या भोकात बोट घातलं.

"हे काय आहे?"

"भोक," बिरदेव म्हणाला. गेले सहा आठवडे शिफ्टच्या गडबडीत त्यानं गाडीकडं नीट पाहिलंच नव्हतं.

"कसलं भोक?"

"वजनाचं, साहेब," धम्मदीप अभिमानानं पुढं आला. "अशी एकशे बारा हायत. सगळी मिळून सातशे ग्रॅम."

"मडगार्ड कुठे आहेत? टूलबॉक्स? चेनकव्हर? मूळचं सीट?" साहेबांचा आवाज चढत चढत फाटायला आला. "अरे, एकोणसत्तरची गाडी, एका हातातली! अशी गाडी शोधायला लोक आयुष्य घालवतात! हिच्यात आता ओरिजिनल काय शिल्लक राहिलंय?"

हरिबा खाली मान घालून उभे होते. ते हळूच म्हणाले, "मी हाय की."

साहेब खाटेवर बसले. त्यांनी पाणी मागितलं, पूर्ण तांब्या संपवला आणि म्हणाले, "बिरदेव, मी ही गाडी घेऊ शकत नाही. माफ कर."

हरिबांच्या छातीवरून कुणीतरी दगड उचलल्यासारखं झालं. पण बिरदेवचा चेहरा पांढरा पडला होता. साहेबांना सुट्टीच्या दिवशी एवढ्या लांब आणलं, आणि दाखवलं काय तर चाळण! परमनंटची यादी त्याच्या डोळ्यांपुढून झरझर लांब जाताना त्याला दिसली. त्या कडवटपणात तो म्हणाला, "साहेब न्हाई तर दुसरा कुणी घेईल. भंगारवाला घेईल. आबा, अट ती अट. लावा स्टँडवर."

हरिबांनी हँडल धरलं. मागं कॅरियर नव्हता, म्हणून फ्रेमला हात घातला. अंगातलं होतं नव्हतं ते बळ एकवटून त्यांनी गाडी वर उचलायला सुरुवात केली. गाडी थोडी हलली आणि बसली. पुन्हा ओढली. पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी ती त्यांच्या बाजूला कलायला लागली, तेव्हा बिरदेवच पुढं धावला. "राहू द्या आबा... राहू द्या..."

"आबा," मागून एक बारीक आवाज आला. दीक्षा होती. "तुमी हातानं का उचलताय?"

"मग कशानं उचलू?"

"उचलायचंच न्हाई. पायानं दाबायचं."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. दीक्षा पुढं झाली. पंचेचाळीस किलोंची असेल-नसेल. तिनं हँडल नुसतं धरलं, गाडी सरळ केली, स्टँडच्या बाहेर आलेल्या दांड्यावर चप्पल ठेवली आणि शिडीच्या पायरीवर चढावं तशी ती त्यावर सरळ उभी राहिली. खट्! गाडी मागं सरकून डबल स्टँडवर उभी राहिली. झेंडूचा हारसुद्धा फारसा हलला नाही.

धम्मदीप म्हणाला, "तुला हे कुठनं येतं?"

"अंगणात चार-चार गाड्या ठेवता. रोज सकाळी झाडताना त्या कोण हलवतं?"

"मग सांगायचं न्हाई का आधी!"

"मला कुणी इचारलंच न्हाई. तुमी तर चाकापाशी मान खाली घालून बसलेले. गाडी काय करती ते बघत होता, आबा काय करत्यात ते कुठं बघितलं?"

हरिबांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. तरुणपणी अंगात रग होती, म्हणून पहिल्या दिवशी गाडी हातानं उचलली, आणि मग तीस वर्षं तशीच उचलत राहिले. पाय नुसता शोभेला ठेवला जायचा.

"म्हंजी गाडी वर न्यायची न्हाई," ते सावकाश म्हणाले, "आपणच खाली जायचं."

"व्हय. आपलं वजनच ती उचलतं. जेवढं वजन जास्त तेवढं सोपं." दीक्षा जरा चाचरली. "तुमी आठ किलो घालवलं ना, आबा, तेच कामाचं हुतं."

सगुणाबाईंचा हात तोंडाशी गेला. "आगं बया! म्हंजी पंधरा दिस मी ह्यांचा जोरच काढीत बसले व्हय?"

हरिबा गाडी स्टँडवरून खाली घेऊन लगेच प्रयत्न करायला निघाले होते, पण सगुणाबाई मध्ये उभ्या राहिल्या. "थांबा! हात लावू नगा. आधी जेवायचं."

"आगं, माणसं थांबल्यात."

"थांबतील. न्हाईतर जेवतील."

मग अंगणातच पंगत बसली. दसऱ्याच्या पुरणपोळ्या होत्या, तुपाची धार होती, आमटी होती. पंधरा दिवस मुळ्याचा पाला खाल्लेला माणूस जेवताना कसा दिसतो, ते त्या दिवशी वस्तीनं पाहिलं. हरिबा जेवत होते आणि सगुणाबाई वाढत होत्या. बिरदेव समोर बसून वडिलांच्या ताटाकडं बघत होता. चौथ्या पोळीला तो हसला आणि त्यानं स्वतःच तुपाचं भांडं पुढं केलं.

हात धुऊन हरिबा उठले. गाडी सरळ केली. दांड्यावर पाय ठेवला. हात हँडलवर नुसते टेकवले आणि पुरणासकट आपला सगळा भार त्या एका पायावर सोडून दिला.

खट्.

गाडी स्टँडवर होती. हरिबांना ते खरंच वाटेना. त्यांनी ती खाली घेतली आणि पुन्हा लावली. खट्. पुन्हा एकदा. खट्. वस्तीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बिरदेवनं वडिलांचा हात धरून म्हटलं, "बास आबा, बास. मोडंल."

"पुन्यांदा इकायचं नाव?"

"न्हाई काढत." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मला त्या दिवशी सांगितलं, तुमास्नी बुलेट लागली म्हणून. कोरेगावपास्नं हितंपतुर मी कसा आलो ते माजं मला म्हाईत."

हरिबांनी पोराच्या पाठीवर दोन थापा मारल्या. जरा जोराच्याच.

या सगळ्या गोंधळात चिटणीस साहेब खाटेवरून उठून गाडीजवळ आले होते. इकडं तिकडं बघत ते दीक्षाला म्हणाले, "अहो ताई, ते पायाचं पुन्हा एकदा दाखवता का?" तिनं दाखवलं. साहेबांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, चकचकीत बूट दांड्यावर ठेवला आणि अंग सोडलं. खट्! साहेबांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की बिरदेवनं चार वर्षांत कारखान्यात तसा कधी पाहिला नव्हता.

"साहेब, तुमच्याकडं किती हायत अशा गाड्या?" सगुणाबाईंनी विचारलं.

"चार. सगळ्या ओरिजिनल."

"मग रोज फिरवत असाल."

साहेब घुटमळले. "आमचा ड्रायव्हर स्टँडवरून काढून देतो आणि परत लावून देतो. तो सुट्टीवर असला की..." त्यांनी आवाज उतरवला, "की मी रिक्षानं जातो."

सगुणाबाईंनी मोठ्या कष्टानं हसू दाबलं. "मग पाचवी कशाला पायजे हुती?"

साहेबांनी आणखी एक पोळी मागून घेतली. निघताना ते दारात थांबले आणि बिरदेवला म्हणाले, "अरे हो, तुझं नाव परमनंटच्या यादीत मागच्याच आठवड्यात गेलंय. ऑफिसातून कळवलं नाही का कुणी?"

साहेबांची गाडी वळणापलीकडं गेल्यावर बिरदेव अंगणात मटकन खाली बसला आणि हसत सुटला. त्याला बघून हरिबा हसायला लागले, मग धम्मदीप, मग सगळी वस्ती. सगुणाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या धम्मदीपसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता माजी बसायची जागा कवा लावतोस?"

"मावशी, साडेचार किलो वाढंल," धम्मदीपच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"वाढू दे की!" सगुणाबाई म्हणाल्या. "आता ह्यास्नी उचलायचीय का गाडी? दाबायचीच हाय."

हरिबांनी मान डोलावली, पुन्हा पाटावर बसले आणि ताट पुढं ओढलं.

"वाढ," ते म्हणाले. "जोर लागंल."